चेन ‘तुटली’ म्हणा, ‘सुटली’ म्हणू नका

गाडीची चेन रस्त्यात गेली तर पहिल्यांदा काय करायचं, तर माफी मागायची. कुणाची म्हणजे काय, सर्व्हिस सेंटरची! बारा दिवसांमागं त्यांनीच घातलेली नवीकोरी चेन वाघबीळच्या चढाला तुमच्या बुडाखालनं निघून गेली, इंजिन नुसतंच बोंबलतंय आणि गाडी काय पुढं जाईना, तरी डोक्यात राग घालून घ्यायचा नाही. उलट देवाचे आभार मानायचे की ती मागच्या चाकात अडकली नाही, नाहीतर चाक जाम होऊन तुम्ही उसाच्या ट्रॉलीपुढं आडवे. कधीकधी तर पुढच्या स्प्रॉकेटपाशी (चेन ज्यावरनं फिरते त्या दातेरी चक्रापाशी) गोळा होऊन इंजिनचं केसिंग पण फोडते. यातलं काहीच न करता बिचारी रस्त्यावर गप पडून राहिली, ही सेंटरचीच पुण्याई की.

दुसरं, पडलेली चेन उचलायची नाही. मी उचलली आणि तिथंच चुकलो. केर्लीपर्यंत निम्मा रस्ता उतारानं आणि निम्मा दोस्तानं मागनं पाय लावून ढकलत आणली गाडी, आणि सोमवारी उद्यमनगरात एका मेस्त्रींना दाखवली. त्यांनी चेन हातात घेतली, एकेक कडी वाकवून बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “ही तुटल्याली न्हाय ओ. सुटलीया.”

आता यात काय फरक, असं वाटत असेल तर तुम्ही आदर्श ग्राहक आहात, पुढचं वाचू नका, जावा मिसळ खायला. बाकीच्यांसाठी सांगतो. बऱ्याच गाड्यांच्या चेनची दोन टोकं एका लॉकनं जोडतात, त्यावर माशासारखी एक छोटी क्लिप असते. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला पाहिजे, उघडं टोक मागं. उलटी बसवली तर कशाला तरी घासून ती उडू शकते, आणि क्लिप गेली की बाहेरची पट्टी सुटते, की चेन रस्त्यावर. माझ्या चेनच्या सगळ्या कड्या ठणठणीत होत्या, नव्हतं ते फक्त लॉक. म्हणजे चेन झिजून तुटली तर ती तुमची, आणि बसवताना चुकल्यामुळं सुटली तर बसवणाऱ्याची. एका अक्षराचा फरक. पण एका अक्षरासाठी माणसानं संबंध खराब करू नयेत.

सर्व्हिस ॲडव्हायझर फार गोड बोलतो. “सर, चेन वेअर अँड टेअरमध्ये येते, वॉरंटीत नाही बसत.” बरोबरच आहे, झिजणाऱ्या वस्तूला वॉरंटी कशी देणार, पण बारा दिवसांत काय झिजलं असं विचारायचं नाही हं, त्याच्याकडं तयार उत्तरं असतात. तुम्ही पाण्यातनं घातली असेल. डबलसीट किती किलो बसतात सर? ल्यूब कधी मारलं? आणि शेवटचं ब्रह्मास्त्र, “बाहेर दाखवली का सर?” मी हो म्हटल्यावर त्याच्या तोंडावर जो आनंद दिसला, तो आमच्या लग्नात सासऱ्यांच्या तोंडावर पण नव्हता.

बिल घरी गेल्यावर वाचायचं नाही. माझ्या बिलात ‘चेन क्लीन, ल्यूब, ॲडजस्ट’ अशी वेगळी ओळ होती आणि तिचे वेगळे पैसे होते. बहुतेक साध्या गाड्यांना चेनचा ढिलेपणा 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास लागतो, मॅन्युअलात लिहिलेलं असतं, खालनं बोटानं उचलून बघायचं, एवढंच काम. माझी तानपुऱ्याची तार लावल्यागत टाईट होती. एवढी टाईट ठेवली की खड्ड्यात चेन आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर लोड येतो, पण त्या बेअरिंगचं बिल पण तिथंच होणार असतं, त्यामुळं आपण कशाला बोला. बिलात आणखी पूर्ण चेन-स्प्रॉकेट किट लावलेलं. मेस्त्रींनी पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर दाखवलं, बोल्टांवर गेल्या पावसाळ्याचा चिखल वाळून दगड झालेला. कव्हर न उघडता आतलं स्प्रॉकेट बदलणारे कारागीर हल्ली मिळत नाहीत, जपून ठेवावेत असे.

मग डीलर म्हणतो कंपनीला मेल करा, कंपनी म्हणते डीलरला भेटा, तुम्ही रंकाळ्याला फेऱ्या मारल्यागत मारत राहायच्या, तब्येतीला चांगलं असतंय. 1915 ला फोन करायचा नाही, ती ग्राहक हेल्पलाईन आहे आणि तिथं खरंच तक्रार लिहून घेतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सर्व्हिस देणाऱ्यावरच जबाबदारी टाकलीय, डीलरनं कंपनीकडं बोट दाखवलं म्हणून तो सुटत नाही (हा बघा, इथं पण ‘सुटत’). जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं मुदत असते, आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. म्हणून तर सांगतो, जॉब कार्ड (गाडीचं काय काम आहे ते सेंटरवाले लिहितात तो कागद), बिल, फोटो असलं काही जवळ ठेवू नका, उगंच मोह होतो.

मी ठेवलं होतं. सगळं घेऊन परत गेलो आणि एवढंच म्हटलं, भावा, जॉब कार्डवर ‘चेन ब्रोकन’ लिहिलंयस ते खोड आणि ‘लॉक सुटले’ असं लिही. त्यानं कॉम्प्युटरवर बराच वेळ वर-खाली केलं आणि अगदी मनापासून म्हणाला, “सर, सिस्टीममध्ये सुटल्याचा ऑप्शनच नाही.”

मग पेनानं लिही म्हटलं. काउंटरवर पेन होतं की, कुणी पळवू नये म्हणून बारक्या चेननं बांधलेलं. दोनदा ओढून बघितली. पक्की बसवली होती.