‘धूर ओकणारा खटारा’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

गाड्या आणि माणसं नेणाऱ्या आमच्या फेरीबोटीवर रविवारी सकाळच्या पहिल्या फेरीत तुम्हाला आणि घरच्यांना धुराचा त्रास झाला, मुलाला खोकला लागला, पांढऱ्या शर्टावर काजळी पडली. मनापासून माफी मागतो. शर्टाच्या धुलाईचे पैसे काउंटरवर मिळतील, तिकीट जपून ठेवलं नसेल तरी चालेल.

पण तुम्ही ‘देखभाल शून्य’, ‘वीस मिनिटं उगाच इंजिन चालू’, ‘जहाजांचं काळं तेल जाळतात’ असं लिहून एक व्हिडिओ आणि तीन फोटो टाकलेत. आता लोक खिडकीशी येतात, मोबाईलवर तुमचा तिसरा फोटो दाखवतात आणि विचारतात, हीच का ती बोट? म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी व्हिडिओ. बोट धक्क्यावरून मागे घेताना रेस दिली की डिझेल लगेच वाढतं, टर्बोला (इंजिनात जास्तीची हवा दाबणाऱ्या पंख्याला) वेग घ्यायला मात्र तीन-चार सेकंद लागतात. तेवढा वेळ सिलिंडरमध्ये डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा भपका येतो. जुन्या पद्धतीच्या कुठल्याही टर्बो डिझेलला तो थोडाफार येतोच. तुमच्या व्हिडिओत तो चाळीस सेकंद हटत नाही. तो दोष आमचा, वाद नाही. डाव्या इंजिनचा होता.

त्याच दिवशी तपासणी केली. बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात दोरी अडकली असेल किंवा तळाला शिंपल्या धरल्या असतील तर इंजिनवर लोड येऊन असाच धूर येतो, पण मग पूर्ण रेसला इंजिन ठरलेल्या आरपीएमपर्यंत (मिनिटाच्या फेऱ्यांपर्यंत) पोचत नाही. आमचं पोचत होतं. एअर फिल्टरचा इंडिकेटर हिरव्यात होता, टर्बोच्या पाइपांना कुठे गळती नव्हती. मग इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारतो तो) डिझेल पाइपचा नट सैल करत गेलो. चार नंबरचा सैल केला आणि धूर बंद. तो इंजेक्टर काढून टेस्टरवर लावला, तर बारीक फवारा उडण्याऐवजी नोझलच्या टोकाला डिझेलचा थेंब लोंबत होता. 220 बार दाबाला उघडायला हवा, तो 185 लाच उघडत होता. असा थेंब नीट जळत नाही, त्याची काजळी होते. नोझल नवीन टाकली, बाकीचे इंजेक्टरही टेस्ट करून बसवले.

आता ‘देखभाल शून्य’. ऑइल आणि ऑइल फिल्टर इंजिन चालल्याच्या दर 250 तासांनी बदलतो, वॉटर सेपरेटरमध्ये डिझेलपासून वेगळं झालेलं पाणी रोज पहिल्या फेरीआधी काढतो, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) ठरल्या वेळी बघतो. सगळं लॉगबुकमध्ये तारखेनिशी आहे, कधीही या, दाखवतो. इंजेक्टर 1500 तासांनी काढायचे असतात, डाव्या इंजिनचे 1720 झाले होते. गर्दीच्या दिवसांत बोट दोन दिवस उभी करणं जमलं नाही. चूक आहे, पण त्याला शून्य म्हणत नाहीत.

वीस मिनिटं इंजिन ‘उगाच’ चालू नव्हतं. आमची बोट पुढची फळी, म्हणजे रॅम्प, धक्क्याच्या उतारावर टेकवून उभी राहते. गाड्या चढताना ती गिअरमध्ये ठेवून पुढे रेटत राहावी लागते, नाहीतर लाटेबरोबर मागे सरकते आणि रॅम्प व उताराच्या मधल्या फटीत गाडीचं पुढचं चाक जातं. इंजिन बंद करणं हा तिथे पर्यायच नाही. इतका वेळ कमी लोडवर चाललेलं इंजिन पुरेसं तापत नाही, धुराड्याच्या पाइपला आतून ओलसर काजळी धरते आणि निघताना रेस दिली की तिचे कपटे उडतात. तुमच्या शर्टावरचे ठिपके तेच. चोळले की पसरतात, कोरडे असतानाच झटकून टाकायचे.

त्यात वारा मागून होता. बोट आणि वारा एकाच दिशेने, जवळपास एकाच वेगाने चालले की धूर मागे पडत नाही, बोटीबरोबरच येतो. अशा दिवशी पुढच्या बाकांवर बसावं.

काळं तेल आम्ही जाळत नाही. ते जाडं तेल मोठ्या जहाजांचं, तापवून पातळ केल्याशिवाय ते इंजिनात घालताही येत नाही. त्यातल्या गंधकाची मर्यादा 1 जानेवारी 2020 पासून जगभर 3.50 टक्क्यांवरून 0.50 टक्क्यांवर आणली, ती बातमी वाचून तुमचा गैरसमज झाला असावा. आमच्या टाकीत तुमच्या गाडीत असतं तेच पंपावरचं डिझेल असतं.

पहिला फोटो व्हिडिओतलाच आहे. दुसऱ्या फोटोतला पांढरा धूर म्हणजे वाफ. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होतेच, सकाळच्या गारव्यात ती दाट दिसते. पुढे गेलं की विरते. त्यावर जास्त काही नाही.

तिसरा फोटो. साहेब, तो धूर आमचा नाही.

नीट झूम करून बघा. धूर निळसर आहे आणि गाड्यांच्या डेकवर, जमिनीपासून गुडघाभर उंचीत साचलाय. आमची दोन्ही धुराडी केबिनच्या छपराच्या वर सुटतात. त्या रांगेत एकाच गाडीचे मागचे लाल दिवे पेटलेले दिसतात, ती तुमची. नंबर इथे लिहीत नाही. एसीसाठी इंजिन पूर्ण पस्तीस मिनिटं चालू होतं. डेकवरच्या आमच्या कामगाराने दोनदा काच वाजवून बंद करायला सांगितलं, दुसऱ्या वेळी तुम्ही काच खाली न करता हात हलवलात. गाडी लावली की हँडब्रेक, गिअर, इंजिन बंद, अशी पाटी रॅम्पवरच आहे. ती आमच्या सोयीसाठी नाही. डेकच्या भिंती छातीभर उंच असतात, त्यामुळे खाली वारा लागत नाही आणि धूर तिथेच घुटमळतो. एसी बाहेरची हवा घेण्यावर असेल तर तोच धूर बॉनेटजवळच्या जाळीतून आत ओढला जातो. तुमचा मुलगा मागच्या सीटवर होता. खोकला कशाने लागला हे मी ठरवणार नाही, पण एवढं लक्षात घ्या की यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

रागाने नाही, कामाचं म्हणून सांगतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून एकदम रेस द्या. एकच निळा भपका येऊन साफ झालं तर बहुतेक व्हॉल्व्ह सील गेलेत. चढावर, लोडवर धूर सतत येत राहिला तर पिस्टन रिंग बघाव्या लागतील. टर्बो असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करतो त्याचा) पाइप काढून आत बोट फिरवा, ऑइल नुसतं पुसट नाही तर साचलेलं मिळालं तर टर्बोचं सील. आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) आठवड्याने बघा, खाली गळती नसताना पातळी उतरत असेल तर ते ऑइल धुरातूनच जातंय.

डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे हे तुम्ही लिहिलंत ते बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, टाकलं. पण तो बोटीचा असेल तरच, असं काही त्यात नाही.

आमच्याकडून बदल होत आहेत. इंजेक्टर आता वेळेत निघतील, पाट्या मोठ्या करतोय, स्टाफला सूचना दिल्या आहेत. समुद्र शांत असताना रॅम्पवर एकाच इंजिनने भागतं का तेही बघतोय. धुराड्यांची उंची वाढवायचं डोक्यात आहे, बोट डॉकला गेली की त्याचं काहीतरी करू.

स्टार किती द्यायचे ते तुमच्यावर. बोटीवर चौदा जणांची घरं चालतात, म्हणून एक विनंती. व्हिडिओ राहू द्या, तो खरा आहे. तिसरा फोटो तेवढा काढा.