खाणीची तारीख गावाला सांगा

दिवाळीत वणी तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो तेव्हा शेतातला सौरपंप नऊ दिवसांपासून बंद होता. पॅनलवर ऊन होतं, विहिरीत पाणी होतं, पण कंट्रोलर, म्हणजे पंप चालवणारा डबा, नुसताच एरर दाखवत होता आणि हरभऱ्याचं ओलीत अडलं होतं. वाइंडिंगवाल्या काकाजींना घेऊन बांधावर गेलो. तीस वर्षं पंचक्रोशीतल्या जळालेल्या मोटारी त्यांनीच भरल्या आहेत. डब्याचे चार स्क्रू बोटानं चाचपून ते म्हणाले, "बाबू, उघडला त वॉरंटी जाते म्हणते. आन् आत काय आहे, ते मले कोणी शिकवलंच नाही."

अभियांत्रिकी उद्योगांत नवं तंत्र कसं रुजतं आणि जुनं कसं मागे पडतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. फ्रँक गील्स या डच अभ्यासकानं २००२ साली मांडलेली चौकट आम्ही वापरतो. तिच्यात जुनी व्यवस्था म्हणजे फक्त यंत्रं नव्हेत. नियम, सवयी, दुरुस्ती करणारे हातही तिच्यातच धरले जातात. हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल. त्या दिवशी बांधावर ते हात समोर होते आणि रिकामे होते.

आपल्याकडचा कोळशाचा वाद मी इथून, जर्मनीतून, रोज वाचतो. एक बाजू म्हणते, २९२० मेगावॅटच्या चंद्रपूर वीज केंद्राच्या धुरानं माणसं आजारी पडतात, कोळसा थांबवा. दुसरी म्हणते, मग पोरांनी खायचं काय? दोघांचंही खरं आहे. पण माझ्या पुतण्यानं विचारलेला प्रश्न या वादात कुठेच येत नाही. तो आयटीआयचा डिझेल मेकॅनिक, कोळशाच्या खाणीवर कंत्राटी. "काका, खाण अजून किती वर्षं चालन?" देशानं २०७० सालापर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषून घ्यायचं, उद्दिष्ट ठेवलं आहे. खाण बंद करण्याचा आराखडाही नियमानं करावाच लागतो. पण आमच्या गावात तो कोणी वाचून दाखवलेला नाही.

मी राहतो त्या जर्मनीच्या रूर भागात खाणी कधी बंद होणार, ही तारीख सांगितली गेली. देशभरातल्या दगडी कोळशाच्या खाणी २०१८ अखेर बंद करायच्या, हे २००७ साली ठरलं. तेव्हा या खाणींत तीस हजारांवर माणसं होती. कोणाला लवकर निवृत्ती मिळाली, कोणाला दुसऱ्या कामाचं शिक्षण. डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रॉपच्या खाणीतला शेवटचा कोळसा राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला गेला. खाणींतलं पाणी मात्र कायम उपसत राहावं लागतं. त्या खर्चासाठी वेगळा न्यासच उभा केला आहे.

इथलं सगळं गोड आहे असं मी सांगणार नाही. पैसा अमाप लागला, दशकानुदशकं अनुदानं दिली गेली. रूरमधल्याच गेल्सेनकिर्शेन शहरातली बेरोजगारी आजही जर्मनीतल्या सर्वांत जास्त बेरोजगारींपैकी आहे. आणि खाणी बंद झाल्यावरही वीज केंद्रांत परदेशी कोळसा जळतच राहिला. एवढा पैसा आपल्याकडे नाही, हेही मला कळतं. पण अकरा वर्षं आधी सांगायला पैसा लागत नाही. पंचविशीतल्या पोराला अकरा वर्षं मिळाली तर तो दुसरं काम शिकतो, लग्न-घर-कर्जाचा हिशेब नीट मांडतो. खाण बंद व्हायच्या आदल्या महिन्यात कळलं तर तो गाव सोडतो.

म्हणून माझं मागणं आहे: प्रत्येक खाण बंद करण्याचा आराखडा ग्रामसभेत मराठीतून वाचला जावा, कंत्राटी कामगारांची त्यात मोजणी व्हावी. आणि सौरपंप गावात येईल त्याच वर्षी वाइंडिंगवाल्याला कंट्रोलर शिकवला जावा, तो उघडायची परवानगीही त्याला मिळावी.

आमचा पंप चौदाव्या दिवशी सुरू झाला. जिल्ह्याहून आलेल्या पोरानं अर्ध्या तासात एक कार्ड बदललं. काकाजी शेजारी उभे राहून बघत होते. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "तिकडचे पोरं शिकते ते पुस्तक आपल्या भाषेत भेटते का?" तसं पुस्तक मला सापडलं नाही. रोज रात्री तासभर बसून मीच लिहायला घेतलं आहे. पहिला धडा इन्व्हर्टरचा आहे.