दोन भिंतींच्या आत

आज, 2 जुलै 2025 रोजी, सकाळी बातमी आली की युक्रेनला जाणारी काही शस्त्रे अमेरिकेने रोखून धरली आहेत. त्यांत येणारी क्षेपणास्त्रे हवेतच पाडणाऱ्या पेट्रियट यंत्रणेचा दारूगोळा आहे आणि 155 मिलिमीटरचे तोफगोळेही आहेत. आमचा स्वतःचा साठा कमी होत चालला आहे, असे कारण त्यांनी दिले आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर भाऊजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, ही बातमी टाकली आणि खाली लिहिले, "बरे झाले. आता तरी युद्ध संपेल." त्यावर तासाभरात सात जणांचे अंगठे उमटले.

मी तिथे काहीही लिहिले नाही, कारण घरच्या ग्रुपवर वाद घातला की तो पुढच्या लग्नकार्यापर्यंत पुरतो. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे की 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा माझी मुलगी खारकीवमध्ये वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होती. खारकीव रशियाच्या सीमेपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे. तिच्या वसतिगृहाच्या दारावर एक बाई असत. चाव्या सांभाळणे, कोण किती वाजता आले ते वहीत लिहिणे आणि मुली जिन्यात मोठ्याने हसल्या की ओरडणे, हे त्यांचे काम. पहिल्या तीन वर्षांत मुलीने त्यांच्याविषयी तक्रारीखेरीज काही सांगितल्याचे मला आठवत नाही. युद्ध सुरू झाले, तळघरात पाणी साचलेले निघाले, आणि मग याच बाईंनी सगळ्या मुलींना पहिल्या मजल्यावरच्या मधल्या बोळात गाद्या टाकायला लावल्या. बोळाच्या दोन्ही तोंडांशी त्यांनी खडूने एकेक रेघ ओढली आणि बजावले की ही रेघ कुणी ओलांडायची नाही. बाहेरच्या आणि आपल्या मध्ये नेहमी दोन भिंती हव्यात. पहिली भिंत स्फोटाचा धक्का घेते आणि दुसरी उडालेले तुकडे अडवते. युक्रेनमध्ये हा नियम आता शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे.

माझी मुलगी ती रेघ ओलांडून खिडकीपाशी गेली होती, कारण फोन चार्ज करायची जागा तिथेच होती, आणि फोनची बॅटरी संपली होती ती माझ्यामुळे. दर वीस मिनिटांनी मी फोन करत होते. बाईंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्या थेट माझ्याशी बोलू लागल्या. रशियन भाषेत, चढ्या आवाजात, जेमतेम अर्धा मिनिट. मला एक अक्षर कळले नाही. मुलीने मागून भाषांतर केले ते असे: "त्या म्हणतात, मुलगी दोन भिंतींच्या आत आहे. तुम्ही आता फोन करू नका."

"मदत थांबली की युद्ध संपेल" असे कुणी म्हटले की मला हा आवाज ऐकू येतो.

माझे म्हणणे साधे आहे. मदत थांबली की युद्ध संपत नाही. एका बाजूचे हात बांधले जातात, एवढेच होते. ज्याने सैन्य सीमेपलीकडे घातले त्याचे कारखाने चालूच राहतात, त्याला इराणकडून ड्रोन आणि उत्तर कोरियाकडून तोफगोळे मिळतच राहतात, आणि तिथली मदत बंद करा असे आपल्या ग्रुपवर कुणी लिहीत नाही. शांततेचा उपदेश मार खाणाऱ्यालाच का केला जातो, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

2023 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी युक्रेनसाठी नव्या निधीची मागणी केली आणि ती तिथल्या संसदेत सहा महिने अडकून पडली. आपसांतल्या राजकारणासाठी अडकली, हे सांगायला नकोच. त्या सहा महिन्यांत युद्ध संपले का? युक्रेनचे तोफखाने गोळे मोजून वापरू लागले, 2024 च्या फेब्रुवारीत अवदीव्का शहर हातचे गेले, आणि खारकीववर क्षेपणास्त्रे पडत राहिली. अखेर एप्रिलमध्ये सुमारे 61 अब्ज डॉलरची तरतूद मंजूर झाली, तोवर जे मरायचे ते मरून गेले होते. पुढच्याच महिन्यात रशियाने खारकीवच्या उत्तरेला पुन्हा आघाडी उघडली आणि वोव्हचान्स्क हे गाव लढाईत अक्षरशः भुईसपाट झाले. 2025 च्या मार्चमध्येही मदत आठवडाभर थांबवली होती आणि तिच्यासोबत गुप्तवार्तांची देवाणघेवाणही. तेव्हाही युद्ध संपले नाही. तरीही भाऊजी लिहितात, आता तरी संपेल. कशाच्या आधारावर, हे त्यांनी मला एकदा सांगावे.

दुसऱ्याच्या युद्धात आपण का पडावे, हा प्रश्न अमेरिकेतल्या माणसाने विचारला तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. पैसा त्याचा आहे, आणि त्याच्या घरातही अडचणी असणारच. पण हे युद्ध दुसऱ्याचे आहे असे म्हणण्याचा हक्क त्या देशाने 1994 च्या डिसेंबरातच सोडला होता. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा युक्रेनच्या भूमीवर उरला होता. तो सोडून द्या, आम्ही तुमच्या सीमांचा मान राखू, असे बुडापेस्टमध्ये लिहून देणाऱ्यांत अमेरिका होती, ब्रिटन होते आणि रशियाही होता. युक्रेनने ती अस्त्रे सोडली. त्या कागदावर हमी नव्हती, केवळ आश्वासन होते, असा कीस पाडणारे लोक मला भेटले आहेत, आणि कायद्याच्या भाषेत ते बरोबरही असतील. पण दारावरचा कुत्रा सोडून दे, चोर आला तर आम्ही आहोत, असे सांगून ज्याला निःशस्त्र केले, त्याच्या घरात चोर शिरल्यावर कागदातला शब्द हमी होता की आश्वासन हे तपासत बसणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

आणि रशियाने तरी परकीय शस्त्रांविषयी इतके सोवळे पाळू नये. हिटलरचे सैन्य मॉस्कोच्या वेशीपर्यंत आले होते तेव्हा याच अमेरिकेने 1941 च्या लेंड-लीज कायद्याखाली सोव्हिएत संघाला विमाने, रणगाडे, धान्य आणि चार लाखांहून अधिक ट्रक व जीपगाड्या पुरवल्या. त्यांच्या विजयाच्या संचलनात रॉकेट लादलेले जे ट्रक दिसतात त्यांतले अनेक अमेरिकी बनावटीचे होते. ती मदत त्यांना आगीत तेल वाटली नव्हती. आपलेही तसेच आहे. 1962 च्या नोव्हेंबरात नेहरूंनी अमेरिकेकडे शस्त्रांसाठी पत्रे लिहिली, अलिप्ततेचा जन्मभर आग्रह धरूनही लिहिली, आणि अमेरिकी शस्त्रे विमानांनी आपल्याकडे आली. 1971 मध्ये मुक्तिवाहिनीला आपण शस्त्रे दिली आणि प्रशिक्षणही दिले. त्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि भाऊजींना तर जास्तच आहे.

आता ज्या गोष्टी मान्य करायला हव्यात त्या करून टाकते, नाहीतर कुणीतरी खाली येऊन शिकवेलच. युक्रेनमध्ये भ्रष्टाचार आहे, सैन्याच्या खरेदीतल्या घोटाळ्यांवरून ओरड झाल्यावर 2023 मध्ये तिथले संरक्षणमंत्री बदलावे लागले. जी अमेरिका खारकीववरचे आकाश राखायला क्षेपणास्त्रे देते तीच अमेरिका गाझावर पडणारे बॉम्बही पुरवते, आणि याचे समर्थन माझ्याकडे नाही. आपण स्वतः रशियाचे तेल विकत घेतो, हेही मला ठाऊक आहे. अण्वस्त्रांची भीतीही खोटी नाही. पण अफगाणिस्तानचे उदाहरण मात्र माझ्यासमोर आणू नका. सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्यांना तिथे शस्त्रे पोहोचवून जग विसरून गेले, आणि मागून सत्ता कुणाच्या हाती गेली ते आपण पाहिले. मदत दिली हा तिथला दोष नव्हता, काम झाल्यावर पाठ फिरवली हा होता.

लिहिता लिहिता माझा आवाज चढला आहे, याची मला जाणीव आहे. पाणी पिऊन आले.

2 मार्च 2022 या दिवसाविषयी मी इथे कधी लिहिलेले नाही. आदल्याच दिवशी, किराणा आणायला घराबाहेर पडलेला एक भारतीय विद्यार्थी खारकीवमध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्यात गेला होता. 2 तारखेला आपल्या दूतावासाची सूचना आली की संध्याकाळी सहापर्यंत शहर सोडा, मिळेल त्या मार्गाने सोडा, वाहन नसेल तर पायी पिसोचिन, बाबाय किंवा बेझल्युदिव्का गाठा. मुलगी आणि तिच्या मैत्रिणी बर्फातून पिसोचिनपर्यंत चालत गेल्या. निघताना दारावरच्या बाईंनी प्रत्येकीकडून वहीत सही घेतली आणि चाव्या परत मागितल्या. बाहेर स्फोट होत होते, मुली रडत होत्या, आणि ही बाई चाव्या मोजत होती. मला तेव्हा त्या गोष्टीचा फार राग आला होता.

त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाने सैन्य मागे घ्यावे या ठरावावर मतदान झाले. बाजूने 141, विरोधात 5 आणि तटस्थ 35. आपण तटस्थ राहिलो. मुले अजून तिथून निघायची होती, रशियाशीही बोलणे चालू ठेवणे भाग होते, हे मला एक आई म्हणून कळते आणि त्या तटस्थतेचा फायदा माझ्याच मुलीला मिळाला असणार, हेही कळते. म्हणूनच मला इतरांपेक्षा जास्त अवघडल्यासारखे होते. माझी मुलगी बसने पश्चिम सीमेकडे गेली, तिथून विमानाने घरी आली, राहिलेले शिक्षण दुसऱ्या देशात पुरे करून डॉक्टर झाली. चाव्या मोजणारी बाई तिथेच राहिली. तिला नेणारे विमान नव्हते आणि तिच्या वतीने तटस्थ राहणारे कुणी नव्हते.

त्या बाईंची मातृभाषा रशियन. सख्खी बहीण बेल्गोरोदला, म्हणजे सीमेपलीकडे रशियात, खारकीवपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. खारकीववर पडणारी बरीच क्षेपणास्त्रे त्याच बेल्गोरोदच्या परिसरातून सुटतात आणि पोहोचायला एक मिनिटही घेत नाहीत. कित्येकदा भोंगा स्फोटानंतर वाजतो. रशियन बोलणाऱ्यांच्या रक्षणासाठी हे युद्ध आहे, असे सांगणाऱ्यांनी त्या बहिणींपैकी एकीचे रक्षण कसे चालले आहे ते पाहावे. खारकीवने मुलांसाठी आधी भुयारी रेल्वेच्या स्थानकांत वर्ग भरवले आणि मग जमिनीखाली खास शाळा बांधल्या. भिंत पुरेशी नसली की माणूस जमिनीखाली जातो. आणि वरून येणारे क्षेपणास्त्र पोहोचण्याआधीच पाडायचे असेल तर ते पाडणारे क्षेपणास्त्र लागते. त्याची एकेकाची किंमत काही दशलक्ष डॉलर असते, ते कुणाच्या स्वयंपाकघरात तयार होत नाही, आणि आज अडवून ठेवलेल्या यादीत नेमके तेच आहे.

म्हणून सारी मदत एकाच मापाने मोजू नये असे मला वाटते. रशियात खोलवर मारा करणारी शस्त्रे द्यावीत की नाहीत यावर शहाण्या माणसांनी जरूर वाद घालावा. पण आकाश राखणाऱ्या शस्त्रांवर वाद घालायला उरते तरी काय? ती कुणाच्या गावावर मारा करायला नसतात. जो मारा करतो त्यालाच त्यांची अडचण होते. त्यातही मला सर्वांत क्रूर वाटते ती धरसोड. देणार नाही असे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर त्या लोकांनी निदान त्या हिशोबाने काही ठरवले असते. चालू, बंद, चालू, बंद या खेळात ते दर महिन्याला वॉशिंग्टनच्या तोंडाकडे बघत बसले आहेत.

मुलीने आज दुपारी त्या बाईंना निरोप पाठवला होता. संध्याकाळी उत्तर आले. रात्री तीनदा भोंगा झाला, गुडघे दुखतात म्हणून त्या आता खाली जात नाहीत, बोळातच घडीची खाट टाकून झोपतात, आणि 2022 मध्ये एका खोलीची चावी कमी भरली होती, ती तुझ्याकडे तर नाही ना, असे त्यांनी विचारले आहे. मुलगी म्हणते नाही. मी तिची जुनी बॅग पुन्हा एकदा उपसणार आहे.

भाऊजींविषयी एक गोष्ट राहिली. 1 मार्च 2022 च्या रात्री सरकारच्या नियंत्रण कक्षाचा फोन लागत नव्हता, तेव्हा पहाटे चारपर्यंत एकामागून एक क्रमांक फिरवत बसले होते ते भाऊजीच. मी झोपावे म्हणून माझा फोनही त्यांनी स्वतःपाशी घेतला होता, म्हणजे बाईंनी सांगितलेले अखेर त्यांनीच पाळायला लावले. मी त्यांना इथे टॅग केलेले नाही. उद्या सकाळी ते वाचतीलच, आणि नऊच्या आत त्यांचा फोन येईल.