ग्रुपवर अंगठा दाखवला, झालं प्रशिक्षण?

आज सकाळी ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या प्रोटोकॉलची पीडीएफ पडली. खाली हुकूम: ‘वाचून ओके कळवा.’ दहा मिनिटांत अंगठेच अंगठे. डोकं फिरलं माझं.

बदल काय, तर मोठ्या माणसाच्या घशात घास अडकला की आजवर थेट पोटावर झटके शिकवायचे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ मध्ये क्रम बदलला. आधी पाठीवर, खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, मनगटालगतच्या तळहाताने ५ फटके. मग पोटावर ५ झटके. घास निघेपर्यंत किंवा माणूस बेशुद्ध पडेपर्यंत हेच आलटून पालटून. तान्ह्या बाळाला मात्र पोटावर झटका नाहीच. पाठीनंतर छातीवर दाब, तोही आता दोन बोटांनी नाही.

वाचायला दोन मिनिटं. पण दहा वर्षं पोटाकडे गेलेले हात सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर, सगळं घर रडत असताना, पोटाकडेच जाणार! आणि गाडीत सिलिंडरच्या वर चिकटवलेला तक्ता? जुनाच.

अंबू बॅगचंही (हाताने पिळून श्वास द्यायची पिशवी) तेच. मोठ्यांची बॅग साधारण दीड लिटरची, पेशंटला एका वेळी लागते ५०० ते ६०० मिली हवा. छाती उचललेली दिसली की थांबायचं. घाईत अख्खी बॅग पिळली जाते, हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती श्वासनलिकेत उतरते. अशा वेळी शेजारून कुणीतरी ‘हळू, कमी दाब’ म्हणणारं लागतं. अंगठा ते म्हणत नाही.

गाड्या कमी, शिफ्ट लांब, माणसं वर्गात बसवता येत नाहीत, मान्य. पण शिफ्ट बदलताना दोन्ही टीम गाडीपाशी असतातच ना? १० मिनिटं द्या. डमी जमिनीवर ठेवा, मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ताल देणारं ॲप, मिनिटाला ११० ठोक्यांवर लावा. दोन मिनिटं सीपीआरचे छातीवर दाब, ५ ते ६ सेंमी खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, मग माणूस बदला. पुढच्या आठवड्यात घशात अडकलेला घास काढायचा सराव. एकमेकांवर फक्त जागा दाखवायची, जोर डमीवरच. पायलटलाही, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरलाही, घ्या, जिन्यात दुसरे हात त्याचेच असतात. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, हात काही महिन्यांतच ढिले पडतात.

अंगठा दाखवणाऱ्यांवर राग नाही हो. रात्रभर स्ट्रेचर उचलून आलेल्या माणसाने सकाळी आणखी काय करायचं?

तो तक्ता तेवढा आजच काढा. नवा छापून येईपर्यंत कोऱ्या कागदावर मार्करने लिहा, वर तारीख टाका आणि चिकटवा.