नळाचा श्वास

रक्तदाब वाढला म्हणून गेलो, तर डॉक्टरांनी गोळ्यांच्या खाली 'वर्तमानात जगा' असंही लिहून दिलं. पुण्याचा डॉक्टर असता तर हसून सोडून दिलं असतं. हे जुळे सोलापुरात राहतात, आणि त्यांच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या रस्त्यावरून दिसतात.

सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे इथल्या माणसाला दोनच काळ ठाऊक: पाणी येऊन गेलं, नाहीतर पाणी येणार आहे. मधल्या वेळात आपण नोकरी, लग्न वगैरे उरकून घेतो. सकाळी पेपर हातात आला की आधी उजनी बघायची, मग निधनवार्ता. ११७ टीएमसीचं धरण, पैकी ६३ टीएमसी मृतसाठा, आणि टक्केवारी मोजतात ती मृतसाठ्याच्या वरची. म्हणून उन्हाळ्यात उजनी शून्यावर थांबत नाही, 'मायनस'मध्ये जाते. 'उजनी मायनस चाळीस' हे वाचता वाचता कडक भाकरीचा पुढचा तुकडा शेंगाचटणीत बुडवणाऱ्या माणसांना आणखी कुठली स्थितप्रज्ञता शिकवायची असते, कोण जाणे.

तरी शिकायला बसलो. सुरुवात बेदाण्यापासून. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये ताण कमी करण्याचा कोर्स काढला, त्यातला हा प्रसिद्ध धडा. बेदाणा जन्मात पहिल्यांदा बघतोय असा बघायचा, बोटांत फिरवायचा, हुंगायचा, कानाशी नेऊन दाबायचा, आणि जिभेवर ठेवला तरी लगेच चावायचा नाही. बेदाणा आमच्या जिल्ह्यातच होतो, ती अडचण नव्हती. मी तो कानाशी धरलेला पाहून ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तोंड जरा खाली आहे."

पुढचा धडा श्वासाचा. सोलापुरी चादर चौपदरी करून मांडी घातली. मोबाईलमधल्या बाई फार मऊ बोलतात. येणारा श्वास जाणा, जाणारा श्वास जाणा. मी जाणत होतो. मधेच सिंटेक्सची टाकी किती भरलेली असेल असा विचार आला. बाई म्हणाल्या, विचार आला तर येऊ द्या, त्याला धरून ठेवू नका. टाकीचा विचार धरून ठेवावा लागत नाही, तो आपणहून राहतो.

आणि मोरीतून आवाज आला. फुस्स.

पाणी यायच्या आधी आमचा नळ हवा सोडतो. आधी लांबलचक फुस्स, मग घशात खरखर, मग चमचाभर गढूळ पाणी, मग पुन्हा फुस्स. येणारा श्वास, जाणारा श्वास, सगळं स्वच्छ कळतं. "आलं बे, आलं!" समोरचं पोर ओरडलं. शेजारच्या अक्कांनी जावयाचा फोन 'थांबा हं' म्हणून खाली ठेवला, तो बहुधा अजून थांबलाय. पहिलं गढूळ जाऊ दिलं, नळाला फडकं बांधलं, मोटर लावली, पाईपचं टोक पिंपात धरलं. फडक्यावर जमणारी बारीक वाळू मला दिसत होती. हप्ता, दिवाळीचा बोनस, मेव्हण्याने न परत केलेले पैसे, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये लिहिलं होतं की जागेपणीचा जवळजवळ ४७ टक्के वेळ माणसाचं मन हातातल्या कामात नसतं. हे मोजमाप आमच्या गल्लीत पाणी आल्यावर केलं असतं, तर आकडा उजनीसारखा मायनसमध्ये गेला असता.

आता हिचा एक नियम सांगायला हवा. नवं पाणी आलं की जुनं शिळं. पिंपात अर्धं शिल्लक असलं तरी ते ओतून, घासूनच नवं भरायचं. माझ्या आईचाही हाच नियम होता, त्यामुळे या घरात त्यावर चर्चा होत नाही. शिवाय बाईंनी सांगितलंच होतं, जुनं सोडून द्या. दोघांनी मिळून मोठं पिंप अंगणात आडवं केलं. तुळस, जास्वंद, फरशी, शेजाऱ्यांची स्कूटर, सगळे न्हाले.

ही काथ्याने पिंप घासत होती तेव्हा नळ पुन्हा बोलला. फुस्स. हा जाणारा होता.

"तुमचंही गेलं का ओ?" भिंतीपलीकडून अक्का.

हिने पिंपाच्या आतून डोकं बाहेर काढलं. "बसा आता वर्तमानात," म्हणाली. "सोमवारपर्यंत आंघोळ नाही."