विमानांचे फोटो काढणाऱ्यांना एक हक्काची जागा द्या

विमानांचे फोटो काढतो म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. "यातून पैसे मिळतात का?" आणि "पोलीस पकडत नाहीत का?" पहिल्याचं उत्तर 'नाही'. दुसऱ्यासाठी ही पोस्ट.

नोव्हेंबर 2001 मध्ये ग्रीसच्या कालामाता हवाई तळावर विमानं बघायला आलेल्या 12 ब्रिटिश आणि 2 डच हौशी लोकांना अटक झाली. वह्यांत विमानांचे नोंदणी नंबर टिपलेले, त्यावरून हेरगिरीचा आरोप. एप्रिल 2002 मध्ये आठ जणांना तीन वर्षांची शिक्षा, उरलेल्या सहा जणांना साथ दिल्याबद्दल एक वर्षाची. नोव्हेंबरात अपिलात सगळे निर्दोष सुटले. पदरचे पैसे घालून माणूस नुसते नंबर लिहायला परदेशात जातो, हे कोर्टाला पटवणं सोपं नाहीच. माझ्या आईला अजून पटलेलं नाही.

आपल्याकडे 2010 मध्ये दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात असेच दोन हौशी ब्रिटिश सापडले, दंड भरून सुटले. त्यांच्याकडे वैमानिकांचं बोलणं ऐकायचा स्कॅनर होता. त्याची बाजू मी घेणार नाही. 26/11 ला दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं, पोलिसांनी दुसरं काय करायचं?

पुण्याच्या लोहगाव आणि गोव्याच्या दाबोळी विमानतळाबद्दलही माझी तक्रार नाही. एक हवाई दलाचा तळ, दुसरा नौदलाचा. तिथे कॅमेरा बॅगेतच राहतो.

पण मुंबई? कुर्ल्याकडून 27 नंबरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं इतकी खालून जातात की पोटावरचा तेलाचा ओघळसुद्धा दिसतो. पावसाळी हवेत पंखांवर वाफेची पांढरी चादर तरंगते. तो एक फोटो मिळावा म्हणून आम्ही मित्राच्या गच्चीवर तासन्‌तास उभे असतो. मग खालून कोणीतरी फोन करतं आणि हवालदार वर येतात. "नंबर कशाला लिहिता?" अहो, तो नंबर विमानावर हातभर अक्षरांत रंगवलाय! विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे, हे ते स्वतःच रेडिओवरून सांगत असतं. फ्लाइटरडार नावाच्या वेबसाइटवर ते शाळकरी पोरंही बघतात.

1937 च्या विमान नियमांतला 13 वा नियम विमानतळावरच्या आणि उडत्या विमानातून काढलेल्या फोटोंबद्दल आहे. कुंपणाबाहेरच्या गच्चीचं त्यात नाव नाही. म्हणजे सगळं समोरच्या साहेबाच्या मर्जीवर.

आणि या वह्या अगदीच रिकामटेकड्यांच्या नसतात. अमेरिकेची गुप्तहेर संस्था सीआयए दहशतवादाच्या संशयितांना गुपचूप देशोदेशी हलवत होती, ती विमानं पत्रकारांना हुडकता आली त्यात अशाच हौशी लोकांच्या नोंदींचा हात होता.

मँचेस्टरला धावपट्टीशेजारी खास बघ्यांसाठी पार्क आहे, तिथे एक काँकॉर्डही, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने उडणारं जुनं प्रवासी विमान, ठेवलंय. आपल्याकडे निदान एक उंच ओटा तरी करा. नाव-पत्ता लिहून घ्या, सीसीटीव्ही लावा, तिकीट ठेवा. रोज येणारी आम्ही मंडळी एकमेकांना चेहऱ्याने ओळखतो. कोणी विमान सोडून कुंपणाचेच फोटो काढायला लागला, तर हवालदारांना पहिला फोन आमचाच जाईल.