एकपेशीय परजीवी इतका नाजूक नसतो

पावसाळा सुरू झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक जुना संदेश पुन्हा फिरू लागतो. हिवताप, आव आणि जुलाब यांचे जंतू एकाच पेशीचे, म्हणून अत्यंत नाजूक असतात. तापाच्या उष्णतेने ते आपोआप मरतात, तेव्हा ताप उतरवू नये आणि रक्त तपासण्याची घाई करू नये. तीन दिवस लंघन केले की ते उपाशी मरतात. कोकमाच्या आगळाने पोटातले जंतू नष्ट होतात. विहिरीत खडे मीठ टाकले की पाणी शुद्ध करणारी टीसीएल ही क्लोरीनची पावडर लागत नाही. आणि ताप गेला की गोळ्या बंद कराव्यात, असे त्यात सांगितलेले असते. यातील एका दाव्यात सत्याचा अंश आहे आणि त्यामुळेच तो अधिक घातक ठरतो.

मुळातला ‘नाजूक’ हा समजच तपासू. हिवतापाचा परजीवी, म्हणजे प्लाझ्मोडियम, डासाच्या शरीरात असतो तेव्हा त्याचे तापमान बाहेरच्या हवेइतके असते. डास चावताच तो 37 अंशांच्या मानवी शरीरात येतो, यकृतात वाढतो, मग तांबड्या पेशींत शिरतो. तापमान, अन्न आणि आम्लता यांतले हे फेरबदल त्याच्या जीवनक्रमाचाच भाग आहेत, आणि त्यांना तोंड देण्याची यंत्रणा नसलेला परजीवी पहिल्या डासापुढे गेलाच नसता.

आता ताप. उष्णता वाढली की पेशीतील प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना चिकटून निकामी होतात. प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या जातीला हा धोका विशेष आहे, कारण त्याच्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या प्रथिनांत अ‍ॅस्पॅरजिन या अमिनो आम्लाच्या लांबलचक माळा असतात आणि अशी प्रथिने सहज गोळा होतात. तरीही तो टिकतो, कारण हीट शॉक प्रथिने त्या घड्या सांभाळतात. एचएसपी110 हे त्यांपैकी एक प्रथिन काढून घेतले तर परजीवी तापाच्या तापमानाला तग धरू शकत नाही, हे 2012 मध्ये दाखवले गेले. आपल्या पेशींत ही प्रथिने वाढवण्याचा हुकूम ज्या नियामकाकडून सुटतो, तो प्लाझ्मोडियमकडे नाहीच. त्याच्याकडे त्या कामासाठी एपी2-एचएस नावाचा स्वतःचा वेगळा नियामक आहे, जो 2021 मध्ये प्रकाशात आला. तापमान चढताच हा नियामक एचएसपी70 आणि एचएसपी90 यांची जनुके वेगाने कामाला लावतो.

सत्याचा अंश येथेच आहे. प्रयोगशाळेत 40 ते 41 अंशांवर काही तास ठेवल्यास तांबड्या पेशींतील प्रौढ अवस्थेतले परजीवी खरोखर मोठ्या संख्येने मरतात. परंतु अंगठीच्या आकाराची कोवळी अवस्था तेवढी उष्णता बरीचशी सोसते. आणि हिवतापात हुडहुडी भरते ती पक्व परजीवी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात तेव्हा, म्हणजे त्यांची नवी पिढी त्याच कोवळ्या अवस्थेत प्रवेश करत असताना. शिवाय तापाच्या तापमानाला अशा कोवळ्या परजीवींच्या पेशीही रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटू लागतात, असे 2002 च्या संशोधनात आढळले, आणि मेंदूचा हिवताप उद्भवतो तो अशाच चिकटण्यातून.

ज्यांना प्रयोगशाळा पटत नाही, त्यांनी इतिहास पाहावा. व्हिएन्नाचे डॉक्टर वॅग्नर-याउरेग यांनी 1917 मध्ये मेंदूपर्यंत पोहोचलेल्या उपदंशाच्या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण केली आणि त्यासाठी त्यांना 1927 चे नोबेल मिळाले. त्या रुग्णांना तापाच्या अनेक पाळ्या येऊ देत, उपदंशाच्या जंतूवर त्या तापाचा परिणाम होई. हिवताप मात्र शेवटी क्विनाइन हे औषध देऊनच थांबवावा लागे. तापानेच हिवताप बरा होत असता, तर क्विनाइनची गरज कशाला पडली असती? गॅबॉनमधील मुलांवर झालेल्या आणि 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅरासिटामॉल दिल्यास परजीवी रक्तातून जायला अधिक वेळ लागतो असे दिसले होते, हे मान्य करायला हवे. पण त्या सर्व मुलांना क्विनाइन दिले जात होते, हे या संदेशात कोणी लिहीत नाही.

लंघनाचा दावा तर परजीवी काय खातो हे न पाहताच केलेला आहे. तो आपल्या ताटातले नव्हे, तर ज्या पेशीत राहतो तिच्यातले हिमोग्लोबिन पचवतो. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन हे एकच अमिनो आम्ल नसते, ते त्याला रक्तद्रवातून घ्यावे लागते. आणि तेही तोडले तर तो मरत नाही, वाढ मंदावून निपचित राहतो आणि पुरवठा सुरू होताच पुन्हा वाढू लागतो. उंदरांचा आहार कमी केल्यावर परजीवींची वाढ घटली, हे 2017 चे निरीक्षण खरे आहे. पण तो परजीवीने टंचाई ओळखून आपली पिलावळ आवरती घेण्याचा प्रकार होता, आणि आहारातली ती कपात तीन दिवसांची नव्हती. तापाने गळालेल्या माणसाला उपाशी ठेवण्याला त्यातून आधार मिळत नाही.

आगळाचे सार करावे, जेवणानंतर सोलकढी प्यावी, कोणाचीच हरकत नाही. पण जिआर्डिया हा जुलाबाचा परजीवी पाण्यातून येतो तो जाड कवचाच्या पुटीत, आणि ती पुटी उघडण्याची सुरुवात जठरातल्या आम्लानेच होते. जे आम्ल त्याला जागे होण्याची खूण आहे, त्याहून सौम्य आम्लाने तो मरेल कसा?

मिठाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाबाच्या दुसऱ्या परजीवीच्या पुट्या समुद्राच्या पाण्यातही आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात आणि पाणी गाळून खाणाऱ्या कालवांत साठतात. मग विहिरीतल्या चार मुठी मिठाचे काय? टीसीएलच्या नेहमीच्या मात्रेने जिवाणू मरतात, पण या पुट्या क्लोरीनलाही फारशी दाद देत नाहीत; म्हणून टीसीएल टाकलेच पाहिजे आणि पिण्याचे पाणी खळखळून उकळलेही पाहिजे. 40 अंशांवर घड्या सांभाळणारी प्रथिने 100 अंशांवर स्वतःच निकामी होतात.

राहिला गोळ्या बंद करण्याचा सल्ला. आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या औषधाचा मारा झाला की काही कोवळे परजीवी पीके4 या विकराच्या साहाय्याने प्रथिने तयार करण्याचे काम जवळजवळ थांबवतात, औषध ओसरेपर्यंत सुप्त राहतात आणि काही दिवसांनी पुन्हा वाढू लागतात. म्हणूनच आर्टेमिसिनिनसोबत दुसरे औषध देतात. व्हायवॅक्स ही प्लाझ्मोडियमची दुसरी जात तर यकृतात महिनोन्महिने झोपून राहते, आणि तिच्यासाठी प्रायमाक्विन हे औषध 14 दिवस घ्यावे लागते. आंब्याच्या बागेतला राखणदार किंवा मासेमारी नौकेवरचा खलाशी ताप उतरताच चौथ्या दिवशी गोळ्या टाकून गावी निघतो, तेव्हा यकृतातले ते परजीवीही त्याच्याबरोबर जातात. पुढच्या खेपेला ताप आला की डास नवा चावला असे समजले जाते.